कापडाचे मूळ आणि कापडाची अखेर



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला नेमून दिलेला विषय आपण पत्रिकेत वाचलाच असेल : जागतिकीकरण, उपभोगवृत्ती आणि सृष्टी. एवढ्या विषयाला तासाभरात हात घालणे म्हणजे ओंजळीने समुद्र उपसण्यासारखे आहे. शिवाय मोठ्या शब्दांचा माझा अनुभव असा, की ते सभागृहात चांगले घुमतात आणि श्रोते घरी निघाले की दाराशीच थांबतात. म्हणून चालकांची परवानगी गृहीत धरून मी हा विषय आपल्या अंगाइतका लहान करणार आहे. अगदी शब्दशः अंगाइतका. येथे बसलेल्या प्रत्येकाच्या अंगावर कापड आहे. ते कोठून आले, आणि अंगावरून उतरल्यावर कोठे जाणार, या दोन प्रश्नांची वाट धरून आपण जाऊ. वाटेत बाकीचा विषय आपोआप भेटेल.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. अलीकडे त्यात सदऱ्याच्या मुळाचीही भर पडली आहे. आपण दुकानात जातो, पोत बोटांनी चाचपतो, किंमत पाहतो, दोनावर एक फुकट अशी पाटी असली तर तीन घेऊन बाहेर पडतो. मानेमागच्या चिठ्ठीवर एका देशाचे नाव असते. ते बहुधा आपण वाचत नाही. आणि वाचले तरी ते अर्धेच सत्य असते. शिलाई कोठे झाली एवढेच ती चिठ्ठी सांगते. कापूस कोणत्या शिवारातला, सूत कोणत्या गिरणीतले, रंगाचे पाणी कोणत्या नदीत सोडले, याविषयी ती मुकी असते.

आता कोणी म्हणेल, यात नवे ते काय? परदेशी व्यापार आपल्याला पुरातन काळापासून ठाऊक आहे. खरे आहे. आपल्या वऱ्हाडातला शेतकरी जगाच्या बाजारात ओढला गेला त्याला दीडशे वर्षे उलटून गेली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि इकडे मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर कंपन्या उभ्या राहू लागल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या भागांवर लोकांनी घरदार लावले. १८६५ साली युद्ध संपले, आणि तो सगळा फुगा फुटला. ज्या युद्धात आपले एक माणूस लढले नाही, त्याने मुंबईत माणसे नवकोट नारायण केली आणि त्यानेच ती भिकेस लावली. पुढे १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. वऱ्हाडची रुई लवकर विलायतेला पोचू लागली आणि मँचेस्टरचे धोतर तितक्याच लवकर वऱ्हाडात.

तेव्हा जगाशी बांधले जाणे नवे नाही. पण त्या वेळी एक गोष्ट होती, जी आज नाही. ज्याच्यामुळे आपला विणकर बसला, त्याचा पत्ता लोकांना ठाऊक होता. मँचेस्टर हे नाव खेड्यातल्या साळ्यालाही माहीत होते. म्हणूनच सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातच्या सुताची खादी अंगात घालून गेले, तेव्हा त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात सावरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी लोकमान्यांच्या उपस्थितीत विलायती कापडाची होळी केली, तीही त्याच कारणाने साऱ्या देशाला कळली. राग कोणावर धरायचा हे माहीत होते. आज आपण रागावलो तरी राग कोठल्या पत्त्यावर धाडावा, हे कळत नाही. माझ्या मते या नव्या व्यापाराचे खरे लक्षण स्वस्ताई नसून हा हरवलेला पत्ता आहे. ज्याने वस्तू केली त्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला करणारा दिसत नाही, आणि वस्तू टाकून दिल्यावर ती ज्याच्या दारात जाऊन पडते तो तर दोघांनाही दिसत नाही.

कापडाच्या अखेरीविषयी आमच्या आधीच्या पिढ्यांना प्रश्नच पडत नसे, कारण कापड घरातच मरत असे. येथे ज्या वडीलधाऱ्या स्त्रिया बसल्या आहेत त्यांना मी सांगावे असे नाही. नऊवारी लुगडे घरात येई ते दिवाळीला किंवा लग्नकार्याला. काही वर्षे ते घडी करून पेटीत राही, मग रोजच्या नेसण्यात येई. मध्यभागी विरले की विरलेला भाग कापून त्याला दांड घालीत. दांडही टिकेना, की त्याचा परकर होई, झबली होत, बाळंतिणीच्या खोलीत दुपटी होत. मग गोधडीत त्याचा एक थर जाई. गोधडी फाटली की पोतेरे, आणि पोतेऱ्याच्याही चिंध्या झाल्या की दिव्याची वात किंवा काकडा. जे कापड त्यातूनही चांगले उरे, ते बोहारणीच्या पदरात पडून त्याचे पातेले होई. आणि ती त्याला टाके घालून पुन्हा गरिबाच्या बाजारात मांडी.

यात मी दारिद्र्याचे कौतुक करीत नाही. दांड घातलेले लुगडे नेसून चारचौघींत जाताना बाईमाणसाला काय वाटत असे, हे ज्याने पाहिले आहे तो त्या दिवसांचे पोवाडे गाणार नाही. मुलांना दिवाळीखेरीज नवा सदरा मिळतो, यात वाईट काय आहे? काहीच नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की ते कापड सुताचे होते, त्याचा शेवट मातीत किंवा चुलीत होई, आणि तो शेवट घरच्या माणसांच्या डोळ्यांसमोर होई.

हे चित्र कशाने पालटले? त्यातले पहिले कारण दिसायला अगदी सामान्य आहे, एक लोखंडी पेटी. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन मालमोटारवाल्याने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर अठ्ठावन्न पेट्या चढवून ते न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडले. तोवर बंदरात हमाल एकेक पोते, एकेक खोका पाठीवर वाहून जहाजात रचीत असत. टनामागे पाच डॉलर शहाऐंशी सेंट पडणारा तो खर्च या पेटीने सोळा सेंटांवर आणला, असा हिशोब प्रसिद्ध आहे. याचा अर्थ असा, की सातासमुद्रांपलीकडे सदरा धाडण्याचा खर्च त्याच्या किमतीत शोधूनही सापडू नये, इतका क्षुल्लक झाला. जेथे मजुरी स्वस्त तेथे शिवावे आणि जेथे पैसा तेथे विकावे, याला आड येणारे अंतर उरले नाही.

अंतर गेले, तरी कायदा होता. श्रीमंत देशांनी आपल्या गिरण्या वाचविण्यासाठी १९७४ पासून गरीब देशांच्या कापडावर वाटे ठरवून दिले होते : अमुक देशाने अमुक इतकाच माल धाडावा. मुक्त व्यापाराची प्रवचने ज्यांनी आपल्याला ऐकविली, त्यांनीच हे वाटे तीस वर्षे चालविले, हे जाता जाता लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना निघाली, वाटे हळूहळू उठविण्याचे ठरले, आणि १ जानेवारी २००५ पासून ते पूर्ण उठले. मग जो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद शिवून देईल त्याच्याकडे काम, अशी शर्यत लागली. पूर्वी कपड्याचे वर्षाला दोन हंगाम असत. स्पेनमधल्या ‘झारा’ने कागदावरची कल्पना दोन-तीन आठवड्यांत दुकानात टांगून दाखविली, आणि तेव्हापासून हंगाम ही गोष्टच राहिली नाही.

आणि तिसरे म्हणजे धागाच बदलला. १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी खनिज तेलापासून निघणाऱ्या द्रव्यांतून एक धागा काढला. आपल्याकडे तो टेरिलीन म्हणून आला आणि एके काळी टेरिलिनचा सदरा ही जावयाला देण्याची वस्तू होती. आज जगात तयार होणाऱ्या एकंदर धाग्यांत निम्म्याहून अधिक वाटा त्याच्या जातीचा, म्हणजे पॉलिएस्टरचा आहे. कापूस पाचव्या हिश्शावर आला आहे. सन २००० मध्ये जगात सुमारे ५ कोटी ८० लाख टन धागा निघत होता, तो २०२३ मध्ये सुमारे १२ कोटी ४० लाख टन झाला. तेवीस वर्षांत दुपटीहून अधिक. माणसे काही दुप्पट झाली नाहीत.

आता मुळाकडे जाऊ, आणि आपल्याच घरापासून. शंभर किलो कापसातून सरकी वेगळी केली म्हणजे चौतीस-पस्तीस किलो रुई मिळते. एका सुती सदऱ्यात पाव किलोच्या आसपास कापड असते. कातताना, विणताना, बेतताना वाया जाणारे धरले तरी पाऊण ते एक किलो कापूस पुष्कळ झाला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे किलोला पंचाहत्तर. तो भाव हातात पडतोच असे नाही. पण पडला असे धरू. दुकानात दीड-दोन हजारांना मिळणाऱ्या सदऱ्यात यवतमाळच्या शेतकऱ्याचे पंचावन्न ते पंचाहत्तर रुपये. त्यातूनच बियाणे, खत, वेचणीची मजुरी आणि फवारा. आणि फवारा म्हटला की २०१७ ची आठवण येते. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या कापसाचे सदरे झाले असतील आणि कोणी तरी ते घातलेही असतील.

या पंचाहत्तर रुपयांचा भाव तरी येथे ठरतो काय? अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना सरकारी तिजोरीतून मदत देत आली, आणि त्यामुळे जगाचा भाव पडतो, अशी तक्रार ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे नेली. २००४ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. पुढे दहा वर्षे घासाघीस होऊन २०१४ मध्ये अमेरिकेने तीस कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटविले. पैसे ब्राझीलला मिळाले. पडलेल्या भावाचा फटका वऱ्हाडालाही बसत होता. पण वऱ्हाड काही त्या खटल्यात पक्षकार नव्हते.

पाण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. मध्य आशियातला अरल समुद्र १९६० साली सुमारे अडुसष्ट हजार चौरस किलोमीटरचा, जगातला चौथ्या क्रमांकाचा जलाशय होता. सोव्हिएत राजवटीने कापसासाठी आमू आणि सीर या दोन्ही नद्या वळविल्या. २००७ पर्यंत त्या समुद्राचा दहावा हिस्साच उरला. मोयनाक बंदरातल्या नावा वाळूत रुतून गंजत पडल्या. हे पाप भांडवलशाहीचे नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो, नाही तर दोष एकाच पंथाच्या माथी मारण्याची सवय आपल्याला फार. आणि आपल्या तमिळनाडूत तिरुप्पूरला बनियनांच्या धंद्याने नोय्यल नदीचे काय केले? शेतीला पाणी द्यावे म्हणून ओरत्तुपाळयमचे धरण बांधले, तर ते रंगाच्या सांडपाण्याचे टाके होऊन बसले, आणि हे पाणी आमच्या शेतात नको, असे शेतकऱ्यांनाच म्हणावे लागले. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथली शेकडो रंगघरे बंद करण्याचा हुकूम दिला, तेव्हा कुठे पाणी शुद्ध करण्याची यंत्रे खरीखुरी चालू झाली.

पण या सर्वांत एक घटना अशी आहे, की जिच्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. खाली दुकाने आणि एक बँक. वर कपडे शिवणारे पाच कारखाने. वरचे काही मजले परवान्याशिवाय चढविलेले. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला मोठमोठ्या भेगा पडलेल्या दिसल्या. बँकेने आपल्या माणसांना घरी पाठविले. दुकाने बंद झाली. कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलाविण्यात आले. न येणाऱ्याचा पगार कापण्याची धमकी होती. त्या वेळी तिथला किमान पगार महिना तीन हजार टका होता, म्हणजे चाळीस डॉलरहून कमी. असा पगार कापला जाणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी चूल त्या पगारावर पेटते त्यालाच कळेल. बायका गेल्या. सकाळी नऊच्या सुमारास वीज गेली, वरच्या मजल्यांवरची जनित्रे सुरू झाली, आणि इमारत कोसळली. १,१३४ माणसे मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली.

बँकेतला कारकून वाचला आणि शिवणकाम करणारी बाई मेली, हा फरक कशाने पडला? भेग दोघांनाही सारखीच दिसली होती. पण बँकेला त्या दिवशी कोणाला माल पोचवावयाचा नव्हता. कारखान्यांच्या डोक्यावर दूरदेशीच्या मागण्यांची मुदत होती, उशीर झाला तर दंड होता. मालकाची लबाडी होतीच, ती मी झाकीत नाही. पण त्या लबाडीला घाई लावणारा हात त्या इमारतीत नव्हता, तो समुद्रापलीकडे होता.

यानंतर जे घडले ते मला अधिक विचार करावयास लावते. आमचे कपडे तेथे शिवले जातच नव्हते, असे काही परदेशी कंपन्यांनी सांगितले. तेव्हा कामगारांच्या बाजूने झटणारी माणसे त्या ढिगाऱ्यात उतरली आणि विटा-सळयांमधून चिठ्ठ्या गोळा करू लागली. तीच मानेमागची चिठ्ठी, जी आपण वाचीत नाही. कोणाचे नाव सापडते ते पाहून त्याच्या फोटोंनिशी पुरावा मांडावा लागला. मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी तीन कोटी डॉलरचा निधी पुरा व्हावयास जून २०१५ उजाडला.

हे झाले मूळ. आता अखेर. येथे मला १९०५ ची ती होळी पुन्हा आठवते, आणि हसावे की रडावे कळत नाही. लंडनच्या ‘बर्बेरी’ कंपनीने एका वर्षात दोन कोटी शहाऐंशी लाख पौंडांचा न विकलेला माल स्वतःच नष्ट केल्याचे २०१८ साली तिच्याच हिशोबांत दिसून आले. आपले कपडे स्वस्तात विकले जाऊन नावाचा तोरा उतरू नये, म्हणून या धंद्यातले लोक माल जाळीत. लोकांनी ओरड केल्यावर कंपनीने ही पद्धत सोडली. आमच्या वडिलांनी परदेशी कापड जाळले ते त्याग म्हणून. येथे करणाराच आपले कापड जाळतो, आणि तो व्यवहार ठरतो!

जे जाळले जात नाही आणि घरात मावत नाही, ते विलायतेत लोक धर्मादाय पेट्यांत टाकतात. देणाऱ्याला पुण्य केल्याचे समाधान मिळते. पुढे त्याच्या गासड्या बांधल्या जातात आणि त्या विकल्या जातात. काही आपल्याकडे पानिपतला येतात. नुसते जुने कपडे आणून विकावयास मोकळीक नाही, म्हणून ते फाडून चिंध्या करूनच आणण्याचा नियम आहे. तेथे बायका बसून बटणे आणि साखळ्या काढतात, लोकरीच्या चिंध्या रंगवार लावतात म्हणजे नव्याने रंगवावे लागत नाही, मग त्या पिंजून त्यांचे सूत आणि सुताच्या घोंगड्या होतात. भूकंप-पुराच्या वेळी वाटल्या जाणाऱ्या घोंगड्या पुष्कळदा याच. हा धंदा मला मनापासून आवडतो. आमच्या गोधडीचाच तो थोरला भाऊ आहे. पण अलीकडे पॉलिएस्टरच्या मऊ चादरींनी त्यालाही मागे रेटले आहे. चिंधीचे सूत करण्यापेक्षा तेलाचे सूत करणे स्वस्त पडते.

काही गासड्या आफ्रिकेत घानाच्या राजधानीत, अक्राच्या कान्तामान्तो बाजारात उतरतात. तेथल्या भाषेत या कपड्यांना म्हणतात ‘ओब्रोनी वावू’, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. इतके धड कपडे जिवंत माणूस कशाला देऊन टाकील, असा त्यामागचा साधा तर्क. आठवड्याला दीड कोटी नग तेथे येतात, असा तेथे काम करणाऱ्या एका संस्थेचा अंदाज आहे. त्यातले किती वाया जातात, यावर ती संस्था आणि व्यापारी यांच्यात मतभेद आहेत. बाजाराच्या बाजूनेही बोलले पाहिजे : हजारो शिंपी, परीट, दुरुस्ती करणारे त्यावर पोट भरतात, आणि जगात दुसरीकडे मोडीत निघालेली शिवणटाक्याची विद्या त्यांनी जागती ठेवली आहे. पण गासडी विकत घेताना तिच्या पोटात काय आहे हे पाहता येत नाही. वर्षागणिक माल हलका येतो. उत्तरेकडून आलेल्या कोवळ्या मुली पंचावन्न किलोची गासडी डोक्यावर घेऊन गल्लीबोळांतून वाट काढतात. आणि न विकलेले कपडे कोर्ले खाडीत आणि समुद्रकाठी वाळूत दोरखंडासारखे गुंतून पडतात. १ जानेवारी २०२५ च्या रात्री लागलेल्या आगीत त्या बाजाराचा मोठा भाग जळाला.

दक्षिण अमेरिकेत चिली देशात इकीके नावाचे बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात जगाने तेथल्या वाळवंटातून खतासाठी सोरा उकरून नेला. आता जग तेथे कपडे आणून टाकते. २०२१ साली आलेल्या बातम्यांप्रमाणे वर्षाला सुमारे ५९ हजार टन जुने आणि न विकलेले कपडे त्या बंदरात येत होते, आणि त्यातले ३९ हजार टनांपर्यंत आल्तो ओस्पिसियो गावाबाहेर अटाकामाच्या वाळवंटात जात होते. त्यांतल्या काहींना दुकानाच्या चिठ्ठ्या तशाच लटकलेल्या. सुती लुगडे मातीत कुजून माती होते. तेलाच्या धाग्याचे तसे होत नाही. तो झिजतो, बारीक होतो, वाऱ्या-पाण्याबरोबर फिरतो. धुण्याच्या प्रत्येक पाण्यातून त्याचे तंतू सुटतात. एव्हरेस्टवरच्या बर्फाचे नमुने २०१९ मध्ये आणले, त्यातही ते सापडले.

इतके ऐकल्यावर श्रोत्यांपैकी कोणी विचारील, मग उपाय काय? बाहेरचे कापड घेणेच बंद करावे काय? पूर्वजांचा मार्ग समोर आहे. मला तो मार्ग आज जसाच्या तसा चालेल असे वाटत नाही. बांगलादेशात सुमारे चाळीस लाख माणसे या कामावर आहेत, त्यांत निम्म्याहून अधिक बायका. खेड्यात पराधीन जिणे जगणारी मुलगी ढाक्याला येऊन स्वतःच्या नावाचा पगार घेते, याचे मोल मी कमी लेखणार नाही. तिने राणा प्लाझात मरू नये असे मला वाटते, तसे तिचे काम जावे असेही वाटत नाही. आणि स्वदेशी म्हणावे, तर नोय्यल नदी स्वदेशीच आहे. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तो संप संपल्याचे कोणी जाहीर केलेच नाही. गिरण्या बसल्या. होळीच्याच साली, १९०५ मध्ये, स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात आज बाजारपेठ झगमगते आणि जगभर शिवलेले कपडे तेथे विकले जातात. ते घेणारे आपणच आहोत. विलायतेच्या नावाने बोटे मोडावीत, तर आपली कपाटे उघडून पाहण्याची पाळी येते.

गिऱ्हाईकाने शहाणे व्हावे, कमी घ्यावे, टिकाऊ घ्यावे, हे खरेच आहे. घरी मुलांना ते सांगावेच. पण गिऱ्हाईकाच्या शहाणपणावर सगळा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते. ज्याला ढाक्याची भेग दिसूच शकत नाही, त्याने ती पाहून खरेदी करावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. कंपनीला ती दिसू शकते. म्हणून तिला पाहावयास लावले पाहिजे.

आणि हे होऊ शकते, याला पुरावा आहे. राणा प्लाझानंतर तीन आठवड्यांत, मे २०१३ मध्ये, परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात एक करार झाला. दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. पूर्वी कंपन्या आपापली नीतिसूत्रे छापीत आणि आपणच आपली परीक्षा घेऊन पास होत. या करारात स्वतंत्र अभियंते सोळाशेहून अधिक कारखान्यांत गेले, त्यांचे अहवाल कोणालाही वाचता येतील असे प्रसिद्ध झाले, दुरुस्तीला पैसा उभा राहील हे पाहण्याची जबाबदारी कंपनीवर आली, आणि कंपनी चुकली तर तिला लवादापुढे खेचण्याची सोय झाली. तशी ती खेचलीही गेली : एका कंपनीने २०१८ मध्ये तेवीस लाख डॉलर देऊन प्रकरण मिटविले. बंद जिन्यांना दारे झाली, कुलपे निघाली, खांब मजबूत झाले. पगाराचा प्रश्न मात्र या कराराने सोडविला नाही. त्यासाठी कामगारांना रस्त्यावर यावे लागले, आणि डिसेंबर २०२३ पासून किमान पगार साडेबारा हजार टका झाला. त्यांनी याच्या जवळजवळ दुप्पट मागितला होता.

अखेरच्या बाजूला असे काही अद्याप फारसे नाही. फ्रान्सने २००७ मध्ये कायदा करून कापड विकणाऱ्यांकडून त्याच्या विल्हेवाटीची वर्गणी घेण्यास सुरुवात केली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये न विकलेले कपडे नष्ट करण्यास बंदीचा नियम केला. वाट बरोबर आहे. पण फ्रान्समधली वर्गणी मुख्यत्वे फ्रान्समध्येच खर्च होते, आणि कपडे अक्राला जातात. पैसा कपड्याच्या मागोमाग त्या खाडीपर्यंत जावा, ही मागणी अक्राचे लोक करीत आहेत आणि ती मला सर्वस्वी न्याय्य वाटते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. एक गोष्ट सांगून थांबतो. कराचीच्या बलदिया भागातल्या कपड्यांच्या कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागली. राणा प्लाझाच्या सात महिने आधी. आग कशी लागली यावर पुढे न्यायालयात पुष्कळ चालले. पण खिडक्यांना गज होते, दारे बंद होती, आणि अडीचशेहून अधिक माणसे आत अडकून मेली. या कारखान्याला जेमतेम काही आठवड्यांपूर्वी, येथे कामगारांची सुरक्षितता उत्तम आहे, असे एका परदेशी संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले होते. ढाक्याच्या कारखान्यांना जो करार २०१३ मध्ये लागू झाला, तो पाकिस्तानातल्या कारखान्यांपर्यंत पोचावयास २०२३ साल उजाडले.